अकरा डॉक्टर आणि एक मेंढपाळ

माणदेशातल्या एका तालुक्याच्या गावी एक शाळा होती. त्या शाळेत एका वर्षी नववीसाठी स्पॅनिश हा नवा विषय सुरू झाला. बारा मुलांनी तो घेतला. त्यांत वैजंता शिंगाडे ही एक होती.

वैजंताचे वडील धुळाजी मेंढपाळ होते. दोनशे मेंढरं घेऊन ते आणि तिची आई वर्षातले आठ महिने रानोमाळ फिरत. मुलीची शाळा बुडू नये म्हणून त्यांनी तिला गावात मावशीकडे ठेवलं होतं. मावशीला स्पॅनिशचं काही कळेना. तिने विचारलं, "हे कुठलं नवं खूळ घेतलंस?"

वैजंता म्हणाली, "सगळी पोरं ती भाषा पहिल्यापासूनच शिकणार, मावशी. कुणी माझ्या पुढं नसंल."

पण चार महिन्यांत सगळे तिच्या पुढे गेले. त्या भाषेत 'मी' म्हणजे 'माझा' होतं आणि आपल्या 'मी'ला 'यो' म्हणायचं होतं. वैजंता दर वेळी तिथेच अडखळायची. टेबल तिथे स्त्रीलिंगी होतं. शब्दाचं लिंग बदललं की मागचे-पुढचे शब्दही बदलायचे. लेखी परीक्षेत तिला चाळीसपैकी अकरा गुण मिळाले.

स्पॅनिश शिकवणाऱ्या अष्टपुत्रे बाईंनी तिला बोलावून घेतलं. त्या म्हणाल्या, "तीन आठवड्यांनी तोंडी परीक्षा आहे. बाहेरून परीक्षक येणार आहेत. वीसपैकी बारा मिळाले नाहीत, तर हेडमास्तर तुला परत हिंदीच्या तुकडीत बसवतील. मला ते थांबवता येणार नाही."

"हिंदी मला येतं, बाई," वैजंता म्हणाली. "येत नाही तेच शिकायचंय."

तोंडी परीक्षेला विषय होता 'माझं कुटुंब'. मुलांनी कुठूनसं एक छापील गाइड मिळवलं होतं. त्यात या विषयावर दहा वाक्यं तयार होती. शेजारच्या बाकावरच्या केतकीने ती वैजंताला उतरवून दिली. पहिलं वाक्य होतं, 'मी पाद्रे एस मेदिको'. म्हणजे, माझे वडील डॉक्टर आहेत. पुढे लाल गाडी होती आणि सुट्टीत समुद्रकिनारी जाणं होतं.

"पण माझे वडील डॉक्टर नाहीत," वैजंता म्हणाली.

"कुणाचेच नाहीत," केतकी म्हणाली. "परीक्षक काय घरी येऊन बघणार आहेत? वाक्य बरोबर आलं की गुण मिळतात."

वैजंताने वाक्यं पाठ करायला घेतली. पाणी भरताना, भाकऱ्या थापताना, शाळेच्या वाटेवर तिचं तेच चालायचं. आठ दिवसांत दहाही वाक्यं तिला बिनचूक यायला लागली. चार महिन्यांत पहिल्यांदाच तिला वाटलं, की आपण पास होणार.

त्या रविवारी ती आईवडिलांना भेटायला गेली. दिवाळीनंतर त्यांना कोकणात उतरायचं होतं. तोवर मेंढरं गावापासून दोन तासांच्या वाटेवर, एका बागायतदाराच्या शेतात खतासाठी बसवली होती. आईने भाकरी आणि दूध पुढे ठेवलं. धुळाजी मेंढरं राखत तिथेच बसले होते. ते म्हणाले, "वैजे, ती नवी भाषा बोलून दाखव की. आमाला कळणार न्हाई, पर ऐकू तरी दे."

वैजंता ताठ उभी राहिली आणि दहाही वाक्यं न थांबता म्हणाली. आई कौतुकाने बघत राहिली. धुळाजींनी विचारलं, "त्यात माझं नाव आलं का?"

"नाव न्हाई. पर तुमच्यावर एक वाक्य हाय."

"काय म्हनलीस माझ्याविषयी?"

वैजंताला खोटं सांगता आलं असतं. कुणाला कळलंही नसतं. पण वडिलांच्या तोंडाकडे बघून तिला ते जमेना. ती खाली बघत म्हणाली, "माझं वडील डॉक्टर हायेत, असं."

धुळाजी थोडे हसले. "मेंढरांस्नी औषध पाजतो खरा. पर डॉक्टर न्हाई म्हनत मला कुणी." मग त्यांनी विचारलं, "त्या भाषंत मेंढराला काय म्हनत्यात?"

वैजंताला माहीत नव्हतं.

"चार म्हैनं शिकतीस आन् मेंढरू ठावं न्हाई?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. "त्या मुलखात मेंढरं न्हाईत व्हय?"

परतीच्या वाटेवर वैजंताने गाइडमधली वाक्यं पुन्हा म्हणायला सुरुवात केली. पण पहिलंच वाक्य तिला म्हणवेना. गावाची वेस आली तोवर तिचं ठरलं होतं.

सोमवारी ती अष्टपुत्रे बाईंसमोर जाऊन उभी राहिली. "बाई, मेंढपाळाला काय म्हणतात?"

बाई जरा विचारात पडल्या. "पाठ्यपुस्तकात नाही गं हा शब्द. आणि खरं सांगायचं तर मलाही आत्ता आठवत नाही. शोधू या आपण." त्यांनी कपाटातून जाडजूड शब्दकोश काढला. मेंढपाळ म्हणजे पास्तोर. मेंढी म्हणजे ओवेहा. कोकरू म्हणजे कोर्देरो. लोकरीलाही शब्द होता, कळपालाही होता आणि कळपाच्या कुत्र्यालाही होता. वैजंता एकेक शब्द वहीत उतरवत गेली.

शब्द मिळाले, पण त्यांची वाक्यं होईनात. आता गाइडचा आधार नव्हता. क्रियापद एकीकडे जायचं, लिंग दुसरीकडे. रोज मधल्या सुट्टीत ती पाच वाक्यं लिहून बाईंकडे न्यायची आणि पाचही लाल होऊन परत यायची. ती पुन्हा लिहायची. दुसऱ्या आठवड्यात पाचांतली दोन बरोबर आली.

केतकीने तिला बाजूला घेतलं. "तुला दहा वाक्यं पाठ होती. ती सोडून हे काय करत बसलीस? नापास होशील."

"होईन कदाचित," वैजंता म्हणाली. "पण माझ्या बापाला बदलून पास व्हायचं नाही मला."

परीक्षेच्या दिवशी परीक्षक आले. पिकल्या केसांचे, शांत गृहस्थ होते. एकेक मूल आत जाऊ लागलं. पहिल्या मुलाचे वडील डॉक्टर निघाले. दुसऱ्याचेही. पाचव्या मुलालाही लाल गाडी होती. परीक्षक सगळं ऐकून घेत. दहा वाक्यं संपली, की ते साध्या स्पॅनिशमध्ये एक प्रश्न विचारत. केतकीला त्यांनी विचारलं, "तुझ्या वडिलांचा दवाखाना कुठे आहे?" केतकीला प्रश्न कळला, पण नसलेल्या दवाखान्याचा पत्ता तिला सुचेना. ती गोंधळली आणि पुन्हा पहिल्या वाक्यापासून म्हणू लागली. परीक्षकांनी हात वर करून तिला थांबवलं.

वैजंताचा नंबर शेवटचा होता. अकरा डॉक्टर ऐकून परीक्षक दमले होते. ते म्हणाले, "वडिलांबद्दल सांग."

"मी पाद्रे एस पास्तोर," वैजंता म्हणाली. माझे वडील मेंढपाळ आहेत.

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "मेंढ्या किती आहेत?" त्यांनी स्पॅनिशमध्ये विचारलं.

तिने दोनशे सांगितलं, पण चुकीचं. मेंढी स्त्रीलिंगी म्हणून आकडाही स्त्रीलिंगी हवा होता. तिच्या तोंडून पुल्लिंगी निघाला. चूक तिची तिलाच कळली. पण ती थांबली नाही.

"पावसाळा संपल्यावर ते कुठे जातात?"

डोंगर उतरणं कसं म्हणायचं ते तिला येत नव्हतं. जे शब्द होते ते तिने जोडले. "समुद्राकडे. चालत. आई, घोडा, कुत्रा आणि मेंढ्या."

"तूही जातेस?"

या प्रश्नाचं उत्तर तिने कुठे लिहून ठेवलं नव्हतं. तिने मनातल्या मनात शब्द जुळवले. परीक्षक थांबले. मग ती हळू पण स्पष्ट म्हणाली, "नो. यो एस्तूदियो." नाही. मी शिकते.

परीक्षकांनी गुण मांडले. मग ते मराठीत म्हणाले, "स्पेनमध्येही मेंढपाळ आहेत. उन्हाळ्यात कळप डोंगरावर नेतात, थंडीत खाली आणतात. तिथे कधी गेलीस, तर तुझ्या वडिलांचं काम कुणाला फार समजावून सांगावं लागणार नाही."

निकाल लागला. वैजंताला वीसपैकी तेरा मिळाले. व्याकरणाचे गुण बरेच गेले होते, बोलण्याचे जवळजवळ सगळे मिळाले होते. गाइडवाल्या अकरांपैकी कुणालाच दहाच्या वर जाता आलं नव्हतं. त्यांची लेखी परीक्षा चांगली गेली होती, म्हणून ते विषयात टिकले. वैजंता तेरा गुणांवर टिकली. तिने बाईंकडून आपल्या चुकांची यादी मागून घेतली आणि त्याच मधल्या सुट्टीत पहिली चूक सुधारायला बसली.

दुसऱ्या दिवशी अष्टपुत्रे बाई वर्गात आल्या, तेव्हा केतकीने हात वर केला. थोडी लाजत ती म्हणाली, "बाई, माझ्या वडिलांची पिठाची गिरणी आहे. गिरणीला काय म्हणतात?"

बाईंनी कपाटातून शब्दकोश काढला आणि वैजंताच्या बाकावर ठेवला. "दोघी मिळून शोधा," त्या म्हणाल्या.

केतकी सरकून तिच्याजवळ बसली आणि दोघींनी पानं उलटायला सुरुवात केली.

तात्पर्य: नवी भाषा शिकताना चुकलं तरी चालेल, पण बोलावं ते स्वतःचं आणि खरं; दुसऱ्याचं घोकलेलं वाक्य पहिल्याच प्रश्नाला संपतं.