धावटीच्या बेटावरचे ठेंगणे बाण

धावटीच्या बेटावर दारूचा बाण उडवायचा तर आधी त्याच्या शेपटीला दगड बांधावा लागतो. इथं हौशी पाहुण्यांची मोठी पंचाईत होते. कार्तिकात नदी उतरली की लांबलांबून बाण करणारी मंडळी बेटावर येतात. कुणी कळकाच्या नळीत दारू ठासून आणतो, कुणी जाड पुठ्ठ्याच्या. वर्षभर खपून प्रत्येकाने आपला बाण इतरांच्या वर कसा जाईल ते पाहिलेलं असतं, आणि इथला म्हातारा गुरव त्याच्या हातात नदीतला गोटा ठेवतो. काठावरच्या पिंपळाच्या शेंड्याच्या वर गेला तो बाण बाद. पाहुणे हसतात. हसू द्यावं बापड्यांना. गोष्ट ऐकल्यावर सहसा कुणी हसत नाही.

फार मागं या बेटावर वस्ती होती म्हणे. कोष्ट्यांची घरं, बुरडांची घरं, मधे मारुतीचा पार. पावसाळ्यात बेटाला चारी बाजूंनी पाण्याचा वेढा पडायचा. बेटावर नाव बांधून ठेवावी तर पहिल्याच लोंढ्यात ती वाहून जायची, म्हणून नावा सगळ्या पलीकडच्या घाटावर, निंगाप्पा नावाड्याच्या ताब्यात. पुराच्या आवाजात हाक काही पलीकडे पोचत नसे. तेव्हा निंगाप्पानेच तोड काढली. तो म्हणाला, "पानी दाराला लागलं की एक बाण सोडा. दिसला की नावा घालतो. पर मागनं पानी उतरलं, तर दुसरा सोडा. म्हंजी आम्ही वाटेतनं माघारी फिरू. माझ्या पोरांचं जीव फुकाट पणाला लावू नगा."

हा खुणेचा बाण करायचा मान भिवबा कोष्ट्याचा होता. माणूस दिवसभर मागावर बसायचा, पण जीव सगळा बाणात. रुईचा कोळसा तो स्वतः जाळायचा, वस्त्रगाळ करायचा, दारूचा सोरा पुन्हा पुन्हा धुऊन घ्यायचा. हौसेला मोल नसतं म्हणतात ते खरंच. त्याचा दोस्त खंडू बुरूड, त्यालाही हाच नाद. पण खंडूचा बाण जड. घरांच्या जरा वर जायचा आणि तिथंच लालभडक जळत रेंगाळायचा. "खंडूचा बाण म्हंजी गाभण म्हस," असं म्हणून सगळी वस्ती त्याची टर उडवायची, आणि त्यात भिवबा पुढे.

भिवबाची बायको सगुणा मात्र एकदा म्हणाली होती, "एवढा उंच कशाला? घाट काय आभाळात हाय?" भिवबाने ते हसण्यावारी नेलं. बायामाणसांना बाणातलं काय कळतं, असं त्याला वाटलं. चांगल्या माणसांनाही असं वाटतं, काय करणार.

त्या वर्षी भाद्रपदात पूर आला तो असा की म्हाताऱ्यांनीही तसा पाहिला नव्हता. दिवस कलला तेव्हा पाणी उंबऱ्यांना लागलं. वस्ती पारावर गोळा झाली. सगुणा लेकीला, चंद्राला, कडेवर घेऊन उभी होती. भिवबाचा आणि खंडूचा, असे दोनच बाण आढ्याला टांगलेल्या शिंक्यात कोरडे राहिले होते. कुठला सोडायचा हे कुणी विचारलंच नाही. वस्तीच्या जिवाचा प्रश्न, तिथं गाभण म्हस कोण सोडणार?

ढग अगदी खाली, नदीवर टेकल्यासारखे उतरले होते. भिवबाने वात पेटवली. बाण असा सरळ वर गेला की तसा त्याच्याही हातून कधी गेला नव्हता. गळ्याशी मरण आलेलं, तरी माणसांनी टाळ्या वाजवल्या. भिवबाची छाती फुगली. बाण ढगात शिरला आणि वर कुठंतरी फुटला. ढगाची कड तेवढी जराशी उजळली, एवढंच.

सगुणाने विचारलं, "त्यास्नी दिसला आसंल का वं?"

"आख्ख्या मुलखाला दिसला आसंल," भिवबा म्हणाला.

नावा येईनात. पाणी पाराच्या पहिल्या दगडावर आलं, मग दुसऱ्या. खंडू आपला बाण छातीशी धरून पुढे आला. "भिवबा, माझा सोडू का? त्यो ढगाखालीच जळंल, घाटावरनं दिसंल."

"खुळा झालास काय? दुसरा दिसला तर आलेल्या नावा माघारी जात्याल. उतरलं पानी, असंच समजत्याल ती."

म्हाताऱ्यांनी मान डोलावली. बोली तशीच ठरली होती. खंडूने बाण खाली केला. सगळी माणसं डोळ्यांत प्राण आणून पलीकडे बघत राहिली. तिकडे घाटावर निंगाप्पाही नावांचे दोर सोडून, वल्ही हातात घेऊन तसाच बघत उभा होता म्हणे. मधे फक्त पाणी होतं.

सकाळी नदीच्या खालच्या वळणावर, घराच्या तुळईला मिठी मारलेला एकटा भिवबा सापडला. सगुणा नाही, चंद्रा नाही, खंडू नाही, वस्तीतलं कुणीच नाही. निंगाप्पाने त्याला ओढून काठावर घेतलं आणि त्याचे खांदे गदागदा हलवले. "आरं, वल्ही घिऊन हुबा हुतो की रं आम्ही! बाण का न्हाई सोडलास?"

भिवबा म्हणाला, "सोडला. लई उंच गेला."

पुढे दर कार्तिकात तो ओसाड बेटावर जायचा, खंडूच्या बाणासारखा जड बाण करायचा आणि शिवाय त्याच्या शेपटीला गोटा बांधायचा. बाण कसाबसा पिंपळाच्या निम्म्यावर जळायचा. निंगाप्पा घाटावरून ओरडायचा, "दिसला!" आणि नाव घालायचा. त्याने भिवबाचं दुःख तसूभरही हललं नाही. तो तसाच म्हातारा झाला आणि तसाच गेला.

आजही कार्तिकात बाण सुटला की निंगाप्पाच्या घराण्यातलं कुणीतरी घाटावरून "दिसला!" अशी हाक देतं. पाहुण्यांचे हात टाळीसाठी वर येतात, तेव्हा गुरव ते धरतो. या बेटावर टाळ्या वाजत नाहीत. मग घाटावरून एक नाव सुटते. तिच्यात नावाड्याखेरीज कुणी नसतं आणि बेटावरच्या कुणाला तिच्यात बसूही देत नाहीत. नाव बेटाला लागते, वस्तीभर माणसांना चढून बसायला जेवढा वेळ लागेल तेवढा थांबते, आणि रिकामीच परत जाते.