भिंतीपलीकडची झळ

एका गावात एक भिंत होती आणि तिला दोन घरं टेकून होती. भिंत मातीची, चांगली दोन हात रुंद. अलीकडे भुजंगराव ठोंबरे राहत, पलीकडे चांदबी तांबोळीण. भिंतीच्या मधोमध हातभर उंचीची एक खिडकी होती. तिला ना दार, ना गज. तीस वर्षं त्या खिडकीतून इकडून ताकाचा तांब्या जाई आणि जेवणानंतर तिकडून विडा येई.

भिंतीच्या पायथ्याशी चांदबीची पडवी. भर वैशाखातही तिथली माती गार असे. ओल्या तरटात गुंडाळलेल्या नागवेलीच्या पानांच्या करंड्या ती तिथंच ठेवी. रोज सकाळी एकेक पान उलटी, डागी पान काढून टाकी. आसपासच्या दहा गावांतल्या लग्नांचे विडे तिच्याच पानांचे होत. तिची करंडी कधी कुणी माघारी धाडली नव्हती. नवऱ्याच्या मागं चांदबीचं घर एवढ्या एका लौकिकावर उभं होतं.

त्या गावचा उन्हाळा मोठा कडक. लोक सांगत, वैशाखात तिथल्या कोंबड्या अंडी देतात ती उकडूनच. ते खोटंही असेल; पण वैशाखातलं कच्चं अंडं आजवर कुणी आणून दाखवलेलं नाही.

अशा एका वैशाखात भुजंगरावांच्या लेकीनं शहरातून एसी पाठवला. बसवायला तालुक्याहून मेकॅनिक आला. त्यानं भिंतीवर बोट वाजवलं. मूठभर माती खाली आली.

“काका, इथं ड्रिल लावलं तर भिंत माझ्याबरोबर तालुक्याला येईल,” तो म्हणाला. “नळी न्यायला दोनच वाटा आहेत. एक दारावरचा झरोका, दुसरी ही खिडकी. झरोक्यातून नेली तर बाहेरचा डबा तुमच्या ओसरीवर येईल. तो आतली गरमी बाहेर फेकतो.”

“बाहेर म्हणजे कुठं?”

“जिकडं त्याचं तोंड कराल तिकडं.”

भुजंगरावांनी ओसरीकडं पाहिलं. तिथं त्यांची आरामखुर्ची होती. गावातली भांडणं त्या खुर्चीपुढं तुटत, सोयरिकी तिथंच जुळत. मग त्यांनी खिडकीकडं पाहिलं.

“भिंत माझीच आहे,” ते म्हणाले. तरी रीत म्हणून त्यांनी खिडकीतून हाक दिली, “चांदबी, हा डबा तुझ्या बाजूला लावतोय. चालेल ना?”

“तुमची भिंत, दादा. मला काय विचारता?”

भुजंगरावांनी हा होकार धरला. ज्याला नाही म्हणायची सोय नसते, त्याचा होकार कानाला फार गोड लागतो.

खिडकीतून नळी गेली आणि डबा पलीकडं चांदबीच्या पडवीत वर टांगला. उरलेली फट मेकॅनिकनं सिमेंटनं बुजवली. छपरातलं साणं, म्हणजे उजेडावाऱ्याचं भोक, पत्र्यानं झाकलं. झरोक्यात आणि दाराच्या फटींत चिंध्या कोंबल्या. खोली अशी गारठली की भुजंगरावांच्या बायकोनं, अनसूयाबाईंनी, ट्रंकेतली गोधडी बाहेर काढली. घरातल्या मुंग्या म्हणे रांगेनं उन्हात शेकायला गेल्या.

दोन दिवस विडा पुढच्या दारानं आला. तिसऱ्या दिवशीच्या पानाची कड वाळलेली होती. चौथ्या दिवसापासून विडा आलाच नाही.

“लग्नसराई आहे, तिला फुरसत नसेल,” भुजंगराव म्हणाले आणि गोधडी ओढून घेतली.

आठव्या दिवशी भर दुपारी वीज गेली. साणं झाकलेलं, खिडकी बुजलेली. घटकाभरात खोली भट्टीसारखी तापली. भुजंगराव घामाघूम होऊन उठले. सवयीनं त्यांनी खिडकीकडं हात केला. हात सिमेंटवर आपटला.

तेव्हा ते चपला घालून रस्त्यानं वळसा घेऊन चांदबीच्या पडवीत गेले. तेवढ्यात वीज आली. डोक्यावरचा डबा घरघरला आणि लोहाराचा भाता फुंकावा तशी झळ त्यांच्या अंगावर आली. ते दोन पावलं मागं सरले.

चांदबी करंडीपुढं बसली होती. तिच्या हातात विंझणा होता. चेहऱ्यावरून घाम ओघळत होता, पण वारा ती स्वतःला घालत नव्हती. पानांना घालत होती.

कोपऱ्यात दुसरी करंडी पडली होती. तिच्यातली पानं काळी पडली होती.

“ही कुठली?” भुजंगरावांनी विचारलं.

“पाटखेडच्या लग्नातली. माघारी आली. म्हणाले, चांदबीचा हात आता थकला.”

“अगं, मग मला सांगितलं का नाहीस?”

“सांगायची जागा तुम्ही बुजवलीत, दादा. दोनदा दारावर येऊन हाका मारल्या. आत आवाजच जात नव्हता.” ती एवढंच बोलली आणि पुन्हा पानं उलटू लागली.

भुजंगरावांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे निवाडे केले होते. त्या दुपारी ते घरी गेले, एसी बंद केला आणि मेकॅनिकला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी डबा पडवीतून निघाला. नळी झरोक्यातून बाहेर आली. डब्याचं तोंड नेमकं आरामखुर्चीवर आलं.

“अहो, मग तुम्ही बसणार कुठं?” अनसूयाबाई म्हणाल्या.

“तिथंच. झळ माझी आहे. तिला माझं घर माहीत असू दे.”

एवढं करून ते थांबले असते तरी गावानं नाव ठेवलं नसतं. पण संध्याकाळी ते पाटखेडला गेले. लग्नघरी मांडव अजून उतरला नव्हता. पाहुणे बसले होते. त्या सगळ्यांसमोर भुजंगराव म्हणाले, “चांदबीची पानं चांगली होती. ती माझ्या घरातल्या उष्णतेनं करपली. बोल लावायचा तर मला लावा.”

“म्हणजे असं म्हणा ना भुजंगराव,” एक सोयरा म्हणाला, “आमच्या वऱ्हाडाचा विडा तुमच्या झोपेनं खाल्ला.”

मांडवात हसू पिकलं. ज्या माणसापुढं चार गावं बोलताना शब्द तोलत, तो मान खाली घालून उभा राहिला.

“तसंच म्हणा,” भुजंगराव म्हणाले.

हसू हळूहळू विरलं. मुलीचा बाप उठला. त्यानं भुजंगरावांना पाणी दिलं आणि सोमवारच्या पूजेची पानं चांदबीकडंच सांगून ठेवली.

मग भुजंगरावांनी स्वतः पहार घेऊन खिडकीतलं सिमेंट फोडलं. फोडताना भिंतीचीही माती पडली. ती त्यांनी गवत कालवलेल्या चिखलानं लिंपली, पण खिडकी पूर्वीसारखी सरळ झाली नाही. रात्री निजताना ते तिला आतून फळी लावत, दिवसा एसी चालू असला तरी ती उघडी असे.

खिडकी उघडली त्याच दुपारी ते डोक्याला ओला पंचा गुंडाळून ओसरीवरच्या झळेत बसले होते. आत खिडकीतून हाक आली. ते उठून खिडकीशी गेले. पलीकडून चांदबीचा हात आला. हातावर विडा होता. पान एका बाजूनं आखूड दिसत होतं.

“करपलेली कड कापलीय, दादा,” ती म्हणाली. “बाकी पान चांगलं आहे.”

भुजंगरावांनी दोन्ही हातांनी विडा घेतला, आणि ताकाचा तांब्या पुढं केला.

तात्पर्य काढायचं तर एवढंच: आपल्या घरातला गारवा कुणाच्या दारी झळ होऊन जातो, ते स्वतः तिथं उभं राहून पाहावं, आणि ती झळ आपली आहे असं कळलं, की ती आपल्याच ओसरीवर घ्यावी.