दुसरा बूट

“मग भरवसा ठेवायचा तरी कोणावर, बुवा?”

टिपणीसांनी हे विचारलं तेव्हा त्यांच्यासमोरच्या गार झालेल्या चहावर साय धरत होती. त्यात काय घातलंय कोण जाणे, म्हणून त्यांनी कपाला हात लावला नव्हता. चहा मी केला होता. मला राग आला. मठात राहून इतकी वर्षं झाली, पण माझा राग काही जात नाही.

धोंडबुवा सुपारी कातरत होते.

टिपणीस जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. जन्मभर भावाभावांनी एकमेकांचे बांध कोरलेले पाहिले, रातोरात दगड सरकवलेले पाहिले, आणि त्यातून एवढंच शिकले की माणूस म्हणजे चोर. आता ती विद्या घरात चालवली होती. गेलेल्या बायकोच्या दोन पाटल्या, त्यातली एक सापडेना. त्यांनी भरल्या पंगतीत सुनेला विचारलं, पाटली कुठे गेली म्हणून. सून ताटावरून उठली. मुलानं दुसरीकडे जागा बघितली, आता सोमवारी सामान हलणार. नातही जाणार, आणि नातीवाचून या माणसाला घास गिळत नव्हता. माणूस ओळखायचा काही मंत्र द्या, असं म्हणत तो आमच्या ओसरीवर येऊन बसला होता.

“एकच पाटली गेली?” बुवांनी विचारलं.

“एकच. घरचा चोर असाच असतो. हळूहळू नेतो.”

बुवांनी सुपारी तोंडात टाकली. मग म्हणाले, मागच्या वाघजाईच्या डोंगरावर जाऊन या. चढण थोडकी आहे, गवताला जाणाऱ्या बायका गप्पा मारत चढतात. वरून धरणाचं पाणी दिसतं, हवा स्वच्छ असली तर पार कोकणातले डोंगर दिसतात. काय दिसलं ते सांगा, मग मंत्राचं बघू. फक्त एक, देवीचा डोंगर आहे, पायताण खाली काढून जायचं.

पायताण म्हटल्याबरोबर टिपणीसांचे डोळे बारीक झाले. पायात पांढरे बूट होते, मुलानं घेऊन दिलेले, अगदी कोरे करकरीत. त्यांनी आधी बुवांच्या पायांकडे बघितलं, मग माझ्या. आम्ही दोघंही अनवाणी. त्यानं तर संशय वाढलाच असणार.

आता देवळाबाहेर जोडा सांभाळायची युक्ती आपल्याकडे कोणाला शिकवावी लागत नाही. एक इथे काढायचा, एक तिथे. जोड मिळाली नाही की चोर नाद सोडतो. टिपणीसांनी एक बूट मठाच्या पायरीशी ठेवला आणि दुसरा करवंदीच्या जाळीत खुपसला. चार पावलं चढले आणि मागे वळून बघितलं. गावातली हौसा विळा घेऊन जाळीजवळून गवताला निघाली होती. ती वळणाआड गेली तसे हे लगबगीनं खाली आले, जाळीतून बूट काढला आणि इकडेतिकडे बघत मठाच्या मागे गेले. परत आले ते हात झटकत. मग पुन्हा चढायला लागले.

मी बुवांकडे बघून हसलो. बुवा हसले नाहीत.

टिपणीस उतरले ते धापा टाकत, घामाघूम.

“काय दिसलं?”

“ती बाई दिसली. जाळीपाशी वाकली होती.”

“आणि पाणी?”

“पाण्याकडे बघायला सवड कोणाला होती, बुवा? माझा जीव सगळा खाली.”

असं म्हणत ते तडक जाळीशी गेले. पायरीशी ठेवलेला बूट होता, पण जाळीत काही नव्हतं. त्यांनी काट्यांनी ओरबाडून घेत पुन्हा पुन्हा आत हात घातला. मी तोंड उघडलं, अहो, तुम्हीच तर… पण बुवांनी माझा दंड धरला. तेवढ्यात हौसा डोक्यावर भारा घेऊन वाटेनं आली. टिपणीस तिला आडवे गेले आणि भाऱ्यात काय आहे म्हणून विचारलं. बूट गेला, आणि इथून फक्त तूच गेलीस, हेही बोलून दाखवलं.

हौसानं त्यांच्याकडे बघितलं. भारा खाली टाकला, दोर सोडला, आणि सगळं गवत त्यांच्या पायाशी पसरलं.

“बघा, दादा.”

एवढंच बोलली आणि तोंड फिरवून उभी राहिली. मला तिच्याकडे बघवेना.

गवतात काय असणार? गवतच होतं.

बुवा उठले आणि टिपणीसांचा हात धरला. “चला. तुमचा डोंगर बघायचा राहिलाय.”

आम्ही तिघं चढलो. टिपणीसांना बुवा आपल्याला कुठे नेतायत याचाही संशय होता, हे त्यांच्या हातावरून कळत होतं. तो सारखा सुटायला बघत होता.

वर वारा होता. धरणाचं पाणी लांबवर पसरलेलं, त्याच्यापलीकडे एकामागे एक निळे डोंगर. बुवांनी कशाकडे बोट दाखवलं नाही. टिपणीस बराच वेळ लांब बघत राहिले. मग त्यांची नजर हळूहळू अलीकडे आली. खालची शेतं दिसली. ज्या बांधांसाठी माणसं डोकी फोडतात, ते इथून नुसत्या रेघा होते. मग गाव. मग मठ…

मठाच्या मागच्या पडवीच्या कौलांवर एक पांढरा बूट उन्हात पडला होता. खालून तो दिसत नाही.

मठासमोर हौसा एकटी गवत गोळा करत होती.

टिपणीस मटकन खाली बसले.

“बुवा… दोन्ही पाटल्या एका जागी नकोत म्हणून… मीच. मीच एक काढून दुसरीकडे ठेवली होती.” मग कपाळ धरून म्हणाले, “कुठे ठेवली तेच आठवत नाही. सोमवारच्या आत आठवेल ना हो?”

बुवा खाली बघत होते. हौसानं दोर आवळला होता आणि भारा डोक्यावर चढवून द्यायला कोणी आहे का, म्हणून इकडेतिकडे बघत होती.

“आधी खाली जा,” बुवा म्हणाले, “आणि तिला भारा उचलू लागा.”