खुर्च्यांच्या कारखान्यात बसायचं नाही

एका गावात एक भोळा उत्तम होता. भोळी माणसं गावात पुष्कळ असतात, पण ती निवडणुकीपुरती. उत्तम बारमाही भोळा होता.

त्याला कांचन पसंत होती आणि कांचनला तो. पण कांचनचे वडील औताडे मामा म्हणाले, "पोरगा लाखात एक हाय. पर आधी नोकरीत कायम होऊ द्या. मग बार उडवू." म्हणून उत्तम माळावरच्या कारखान्यात लागला. तिथं प्लास्टिकच्या खुर्च्या बनत. मशीनमधून गरम खुर्ची बाहेर पडली की तिच्या कडा पात्यानं साफ करायच्या आणि ती थप्पीला लावायची. एवढंच काम.

टाकसाळे साहेब तिथले सुपरवायझर. मालक कधीमधी यायचे, बाकीचे दिवस टाकसाळे साहेबच मालक, पोलीस आणि देव. कुणी कधी पाणी प्यायचं, कुणी कधी मोरीला जायचं, कुणी किती हसायचं, सगळं साहेब ठरवत. कुणाला कायम करायचं, तेही साहेबच.

पहिल्या दिवशी साहेब म्हणाले, "इथं डोकं चालवायचं नाही. मी सांगितल्याशिवाय जागा सोडायची नाही."

"बरं साहेब."

संध्याकाळी भोंगा झाला. सगळे घरी गेले. साहेबही गेले. सकाळी येऊन बघतात, तर उत्तम मशीनपाशी उभा. हातात पातं.

"तू रात्रभर इथंच?"

"तुम्ही सांगितलंच नाय."

"अरे गाढवा, भोंगा झाला की हातातलं टाकायचं आणि घर गाठायचं."

"बरं साहेब. चुकलं."

त्याच दुपारी रस्त्यावरून आगीचा बंब गेला, भोंगा वाजवत. उत्तमनं हातातलं टाकलं. हातात गरम खुर्ची होती आणि खाली साहेबांचा पाय होता. साहेब एका पायावर नाचत होते तेव्हा उत्तम घरी भाकरी मोडत होता.

दुसऱ्या दिवशी साहेब लंगडत आले. "भोंग्याकडे लक्ष देऊ नकोस. माझ्याकडे दे. मी कसा वागतो बघ, आणि तसा वाग. माणसात येशील."

"बरं साहेब."

उत्तमनं साहेबांकडे लक्ष दिलं. साहेब हात मागे बांधून फिरत होते. उत्तमही फिरू लागला, थोडा लंगडत. साहेबांनी चहा मागवला. उत्तमनंही मागवला. साहेब पॅकिंगच्या यमुनाबाईंवर खेकसले, "तोंड नको, हात चालव." उत्तम यमुनाबाईंवर खेकसला, आणि मग साहेबांवरही. इकडे मशीन खुर्च्या टाकतच होतं. खुर्च्या पार दारापर्यंत आल्या. गंमत अशी, की दुपारपर्यंत कुणाला संशयसुद्धा आला नाही. सगळ्यांना वाटलं, उत्तमला बढती मिळाली.

साहेबांनी कपाळाला हात लावला. उत्तमनंही लावला.

"मी करतो ते करू नकोस," साहेब ओरडले. "मी सांगतो ते कर."

"बरं साहेब. आधीच सांगायचं ना."

आता या कारखान्यात खुर्च्यांचे डोंगर होते, पण कामगारानं बसायचं नाही, हा साहेबांचा कायदा. उभं राहून राहून यमुनाबाईंचे पाय भोपळ्यासारखे सुजायचे. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी थप्पीतली खुर्ची ओढायचं आणि घडीभर टेकायचं. मला विचाराल तर खुर्ची करणाऱ्याला बसू न देणं हे पाप आहे. पण मला कोण विचारतंय?

साहेबांनी उत्तमला बोलावलं. "आपल्या कारखान्याच्या खुर्चीवर कुणीही बसलेला दिसला, की त्याच्या खालची खुर्ची काढून घ्यायची. कुणी का असेना. विचारत बसायचं नाही."

"उभ्यानं विचारलं तर चालंल?"

"विचारायचंच नाही."

"बरं साहेब."

हे काम मात्र उत्तमला जमलं. जेवणाच्या सुट्टीत धपाधप माणसं पडू लागली. कामगार त्याच्याशी बोलेनासे झाले. उत्तमला वाटलं, कामात असतील. साहेब एवढे खूश झाले, की दिवाळीला त्यांनी उत्तमला कायम केलं. ज्यांनी खुर्च्या केल्या ते राहिले हंगामी. ज्यानं ओढल्या तो कायम.

औताडे मामांनी लगेच तारीख काढली. दारात मोठा मांडव घातला. पुढच्या रांगेत मधोमध टाकसाळे साहेब, शेजारी त्यांच्या सौभाग्यवती. मांडवभर भाड्याच्या खुर्च्या. त्या भागात दुसरी खुर्ची मिळतच नसे, त्यामुळे एकूण एक खुर्ची उत्तमच्या कारखान्याची. पाठीवर तसं नावच होतं.

उत्तम मुंडावळ्या बांधून घोड्यावरून उतरला. मांडवात पाऊल टाकलं आणि जागीच थांबला. सगळं गाव बसलं होतं.

"एवढे?" तो म्हणाला. आणि त्यानं बाह्या सरसावल्या.

सुरुवात औताडे मामांपासून झाली. मग सरपंच. मग नवरीची आत्या, जिला खाली यायला जरा वेळ लागला. लोक उठून धोतर झटकेपर्यंत खुर्च्या थप्पीला लागत होत्या. हात सरावलेला होता. शेवटी तो पुढच्या रांगेत आला.

"उत्तम, अरे मी आहे," साहेब म्हणाले.

"कुणी का असेना, असंच म्हणला होता तुम्ही."

साहेब आपटले. ज्यांना वर्षभर उभं ठेवलं होतं, ते सगळे कामगार उभ्यानं बघत होते. यमुनाबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. साहेबांना ते सहन होईना.

"चालता हो इथून," ते गरजले.

"बरं साहेब."

उत्तम चालता झाला. मुंडावळ्यांसकट.

गुरुजी म्हातारे, दिसायला कमी. मुहूर्त टळेल एवढीच त्यांना काळजी. त्यांनी अंतरपाट धरायला लावला आणि मंगलाष्टकं सुरू केली. कांचन घरात होती, तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिच्या आईच्या भावानं तिला आणून पाटावर उभी केली. हातात हार, मान खाली. इकडे औताडे मामांनी साहेबांची गचांडी धरली होती. "तुमच्या हुकमानं गेलाय जावई. तुम्हीच हाका मारून आणा त्याला."

साहेब बिचारे घाबरले. उत्तम कुठवर गेला ते गर्दीतून दिसेना. जरा उंच जागा म्हणून ते अंतरपाटापलीकडच्या, नवरदेवाच्या रिकाम्या पाटावर चढले आणि टाचा उंचावून रस्त्याकडे बघू लागले.

तेवढ्यात "सावधान" झालं. वाजंत्री कडाडली. अंतरपाट खाली आला. कांचननं रीतीप्रमाणे वर न बघता हार घातला.

साहेबांच्या सौभाग्यवतींनी पायातली चप्पल काढली.

उत्तमचा चुलतभाऊ रस्त्यानं धावत सुटला. ओढ्यापाशी त्यानं उत्तमला गाठलं. "उत्तम्या, माघारी फिर. कांचननं साहेबांना हार घातला."

उत्तम थांबला. त्याचा चेहरा उतरला. कांचन त्याला खरंच आवडत होती.

"साहेबांच्या गळ्यात पडला हार?"

"व्हय. अख्ख्या गावानं बघितलं."

"मग साहेबांनीच सांगितलं आसंल तिला," उत्तम म्हणाला. "बरोबरच आसंल." आणि डोळे पुसत तो पुढं चालू लागला.