अण्णांनी न चाखलेली बिअर

"पण अण्णा, तुम्ही जन्मात कधी बिअर चाखलेली नाही. मग ती झाली की नाही हे तुम्हाला कळतं कसं?"

शार्दूलने शेवटी विचारलंच. तीन महिने हा प्रश्न त्याच्या जिभेवर होता.

भानुदास अण्णा खडके शार्दूलच्या घरामागच्या अंगणात पाटावर बसून रिकाम्या बाटल्या धूत होते. त्यांनी एक बाटली उजेडाकडे धरली, तळ न्याहाळला आणि पुन्हा पाण्यात बुडवली.

"सुईण काय दर वेळी सोता बाळंत होती का?"

एवढं बोलून ते पुढच्या बाटलीकडे वळले.

अण्णा म्हणजे अजब प्रकरण होतं. वाळूजच्या एका बिअर कारखान्यात एकतीस वर्षं नोकरी केलेली, तीही जिथे बिअर आंबते त्या टाक्यांवर, आणि गळ्यात तुळशीची माळ. एकतीस वर्षांत थेंब जिभेला लावला नाही. गावचे लोक टोमणे मारायचे, कारखान्यातले साहेब तोंड लपवून हसायचे. पुढे पुढे मात्र टाकी उघडायची की नाही हे विचारायला तेच साहेब अण्णांकडे येऊ लागले. अण्णा टाकीला हात लावायचे, कान लावायचे आणि म्हणायचे, "आज नको." मग आज नाहीच. साहेबांची काय बिशाद होती!

आता ते निवृत्त झाले होते. आणि शार्दूल देवगावकर नावाचा हा इंजिनिअर हट्टाने त्यांच्या मागे लागला होता की मला घरी बिअर करायला शिकवा.

शार्दूल हुशार होता, यात वाद नाही. वाद होता तो त्याला स्वतःलाच ते फार माहीत होतं, याबद्दल.

चांगली नोकरी सोडून तो या उद्योगात पडला होता. एकतीस डिसेंबरला पुण्याहून रणदिवे नावाचे हॉटेलवाले त्याची बिअर प्यायला येणार होते. आवडली तर भागीदारी. नाही तर गळ्यात पुन्हा ओळखपत्राचा पट्टा अडकवून कंपनीच्या बसमध्ये बसायचं, असं त्याचं आणि क्षिप्राचं, म्हणजे बायकोचं, ठरलं होतं.

बाटलीत भरल्यावर बिअरला फेस धरायला दोन आठवडे तरी लागतात. आज तारीख सोळा. म्हणजे भरायची तर आजच.

चाळीस लेबलं छापून तयार होती. त्यावर शार्दूलचं नाव होतं, आणि खाली छापलं होतं, 'भरल्याची तारीख : १६ डिसेंबर'.

अण्णांनी हात पुसले. कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या मोठ्या कॅनपाशी ते उकिडवे बसले. पहिलीवहिली वीस लिटर बिअर त्यात होती. त्यांनी कॅनला पालथा हात लावला, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा.

"गार हाय."

"डिसेंबर आहे, अण्णा. गारच असणार."

"बुडबुडे कधी थांबले?"

"रविवारी."

"अन् थंडी कधी पडली?"

शार्दूल जरा घुटमळला.

"…रविवारी."

अण्णांनी मान हलवली. कॅनला कान लावला. बराच वेळ तसेच बसले.

"झोपलंय," ते म्हणाले.

"झोपलं नाही, संपलंय. हे बघा." बिअरमध्ये साखर किती उरली ते दाखवणारी काचेची मापनळी शार्दूलने पुढे केली. "तीन दिवस आकडा हललेला नाही."

"पुस्तकात किती यायला पाहिजे म्हणून लिवलंय?"

"बारा."

"अन् आलेत?"

"सोळा. पण पुस्तकाबरहुकूम कुणाचंच येत नाही. आणि मी रोज चाखतोय ना! थोडी गोडसर आहे, पण झक्कास झालीय. मी सांगतो, झालीय."

"झोपलेलं अन् संपलेलं, बाहेरून सारखंच दिसतं, इंजिनेर."

याचा अर्थ शार्दूलला कळत नव्हता असं नाही. थंडीने आंबणं नुसतं थांबतं, संपत नाही. अर्धवट आंबलेली बिअर बाटलीत कोंडली, की ऊब लागताच ती आत पुन्हा आंबायला लागते. झाकण घट्ट असतं. मग एखाद्या दुपारी बाटली फुटते, आणि काचा भिंतीत रुतून बसतात. हे सगळं त्याने वाचलं होतं. अण्णांच्या भुवईतला पांढरा वणही त्याने पाहिला होता. त्याबद्दल विचारलं तेव्हा अण्णा म्हणाले होते, "साहेबाला घाई होती."

"मग काय करायचं म्हणता?"

"गोधडी घाल. आठ-दहा दिवस बघ."

"आठ-दहा दिवस माझ्याकडे नाहीत!"

अण्णा पुन्हा बाटल्यांकडे वळले.

शार्दूलला राग आला. खरं तर रडूच येत होतं, पण चौतिसाव्या वर्षी माणूस रडत नाही, रागावतो.

"अण्णा, तुमच्याबद्दल मला आदर आहे. पण तुमचं सगळं हातावर आणि कानावर. माझ्याकडे माप आहे, चव आहे. ज्याने आयुष्यात कधी घोट घेतला नाही, त्याच्या शब्दावर मी माझं वर्ष पणाला लावू का?"

बोलून गेल्यावर त्याचे कान गरम झाले. पण बाण सुटला तो सुटला.

अण्णांना राग आलेला दिसला नाही. त्यांनी धुतलेल्या बाटल्यांमधली एक उचलली आणि त्याच्या हातात दिली.

"बरं. भर."

"…भरू?"

"तुझी बिअर, तुझ्या बाटल्या. भर म्हणलं ना."

शार्दूलच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. त्याने साखरेचं पाणी मोजून बाटलीत घातलं. कॅनला नळी लावली. सोनेरी बिअर बाटलीत चढत गेली, गळ्यापाशी थांबली. त्याने झाकण ठेवून यंत्राचा दांडा दाबला. कट्! लेबल चिकटवलं, अंगठ्याने कडा बसवल्या. आयुष्यातली पहिली बाटली. दोन्ही हातांनी त्याने ती अण्णांपुढे धरली, देवापुढे नारळ धरावा तशी. रागात काहीही बोलला असला, तरी शाबासकीचा एक शब्द त्याला हवाच होता.

अण्णांनी बाटली घेतली, उलटसुलट फिरवून पाहिली.

"काम नीट केलंस. आता ह्या ठेवणार कुठं?"

"गच्चीवरच्या खोलीत. तिथे कुणी जात नाही."

"तिथं तर कडाका असंल. बाटलीला ऊब लागती, हे तुझ्या पुस्तकात नाही का?"

"आहे."

"मग घरात ऊबदार खोली कुठली?"

"आतली. हीटर लावतो ना तिथे, सानूसाठी."

अण्णा उठले. गुडघे वाजले. बाटली घेऊन ते आत गेले. शार्दूल मागोमाग गेला.

आत सानू झोपली होती. त्याची चार वर्षांची पोर, दुपारचा वरणभात खाऊन गाढ झोपलेली. एक पाय पांघरुणाबाहेर होता.

अण्णा वाकले. त्यांनी ती बाटली सानूच्या उशाशी ठेवली. लेबल पुढे येईल अशी जरा वळवली. मग तिचा पाय पांघरुणात घातला.

"हितंच लाव चाळीसच्या चाळीस," ते हळूच म्हणाले. "ओळीनं. पोरीच्या डोक्याशी."

खोलीत हीटरचा बारीक आवाज चालू होता…

आत्ता भरलेली बाटली आत्ता फुटत नसते. शार्दूलला हे पक्कं माहीत होतं. तिला आठवडा लागतो, कधी दोन. हे अण्णांनाही माहीत होतं. तसं तो म्हणू शकला असता. म्हणायला तोंडही उघडलं होतं.

पण तोंडाच्या आधी हात गेला.

त्याने बाटली झडप घालून उचलली, पोटाशी धरली आणि तो तडक अंगणात गेला. झाकण उघडलं. सगळी बिअर मोरीत ओतली. लेबल मात्र ओलं होऊनही निघेना. तो नखाने ते खरवडत बसला.

थोड्या वेळाने तो उठला. कपाटातून जुनी गोधडी काढून कॅनला गुंडाळली, वरून सुतळी बांधली. मग फोन हातात घेतला. रणदिव्यांचा नंबर लावला.

"रणदिवेसाहेब, शार्दूल बोलतोय. एकतीस तारखेला नका येऊ… नाही, तयार नसेल… नंतर या, मी कळवतो… हो, समजू शकतो. तुमची मर्जी."

पलीकडून फोन ठेवला गेला. रणदिवे पुन्हा येतील असं काही त्या आवाजावरून वाटलं नाही. क्षिप्राला संध्याकाळी काय सांगायचं, हा प्रश्न होताच.

अण्णा दारात बसून चपला घालत होते. घाई कसलीच नव्हती.

शार्दूल त्यांच्याजवळ येऊन पायरीवर बसला. एकोणचाळीस लेबलांचा गठ्ठा अजून त्याच्या खिशात होता.

"अण्णा…"

"बोल."

"नाही झालेली अजून. झोपलीय."

अण्णांनी चपलेचा अंगठा नीट बसवला. मग पहिल्यांदाच मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"हे चाखून सांगायलास का?"