दगडी राजा आणि दुसऱ्यांदा वाचलेले पान

एका राज्यात लिहिलेला शब्द उन्हात वाळला की खरा होत असे. नवल कसले? कुठे आंबा पिकतो, कुठे मीठ पिकते, तिथे शब्द पिकत. दरवर्षी पर्णोत्सवाच्या सकाळी राजशाळेतली लहान मुले भूर्जपत्रावर एकेक इच्छा लिहीत. पाने महालाच्या गच्चीवर वाळत पडत, आणि माध्यान्हीची घंटा झाली की राज्यात तसेच घडू लागे.

पण त्या राज्यावर एक शापही होता. फार पूर्वी एक मांत्रिक आपण लिहिलेला आशीर्वाद देण्याआधी पुन्हा वाचून पाहत होता. त्या वेळचा राजा भर सभेत त्याला हसला. "स्वतःच लिहिलेस ना? मग पुन्हा काय बघतोस?" मांत्रिक शांतपणे म्हणाला, "राजा, आजपासून इथे जो आपले लिहिलेले दुसऱ्यांदा पाहील, त्याच्या डोळ्यांपुढे काळोख येईल." तसेच झाले. पुढे लोक शाप विसरले आणि त्याची रीत करून बसले. आपल्याच अक्षरांना आपली नजर लागते, असे आया मुलांना सांगू लागल्या. मग काय विचारता! एका मुलाने लाडू मागितले, किती ते लिहायचे राहिले. वेशीबाहेर लाडवांचा डोंगर उभा राहिला, आणि वर्षभर नगरात माणसांपेक्षा मुंग्यांचीच वर्दळ जास्त. तरी कुणाला शहाणपण सुचले नाही.

राजशाळेत कुवलया नावाची गुरुमाय शिकवीत असे. बोरू कसा धरावा, शाई कशी टिपावी, सारे ती मायेने शिकवी. आणि लिहून झाले की पान पटकन काढून घेई. यंदा राजा धैर्यकेतूची एकुलती लेक बकुळा तिच्या वर्गात होती. आई नसलेली पोर. दर हिवाळ्यात तिचे आबा, म्हणजे राजा, सीमेवर जात, आणि ती वेशीकडे डोळे लावून बसे. उत्सवाच्या दिवशी तिने लिहिले, बोरू ठेवला आणि विचारले, "गुरुमाय, एकदा बघू?"

"नको बाळ, नजर लागेल," असे म्हणून कुवलयेने पान उचलले.

माध्यान्हीची घंटा झाली आणि सिंहासनावर बसलेल्या राजाचे पाय दगडाचे झाले. थोड्या वेळाने गुडघे, मग मांड्या. वैद्य आले, जोशी आले, मान हलवून गेले. दरबारात पान आणले गेले. त्यावर राजकन्येच्या गोल अक्षरांत लिहिले होते: माझे आबा कुठेही जाऊ नयेत. सिंहासनावर बसून राहावेत. दगडासारखे भक्कम असावेत.

बकुळा गुरुमायच्या पदराआड लपली. राजा मात्र तिच्याकडे पाहून हसला. त्याचे हसणे तेवढे अजून मऊ होते. कुवलयेला सकाळ आठवली. पोरीने बघू का म्हणून विचारले होते, आणि आपण तिचे पान ओढून घेतले!

तेवढ्यात गवाक्षात एक प्रचंड धनेश पक्षी येऊन बसला. चोच हळदीच्या रंगाची, पंख दाराच्या फळीएवढे.

"आचार्ये, लिहिलेले सुधारता येते," पक्षी म्हणाला.

सारी सभा पक्ष्याकडे वळली. लिहिता येते हे सर्वांना ठाऊक होते. सुधारता येते हे त्या राज्यात कुणी ऐकलेही नव्हते.

"कसे?" कुवलयेने विचारले.

"तीन कामे आहेत. जिने लिहिले तिनेच ती करायची. तू वाट दाखव. पण तुझा हात पानाला लागला, तर राजा कायमचा दगड. सूर्य बुडेपर्यंत वेळ आहे."

बकुळेने पान आणि बोरू उराशी धरले. धनेशाने दोघींना पाठीवर घेतले आणि डोंगरापल्याड नेले. तिथे एक गुहा होती. तिचे तोंड हत्ती शिरेल एवढे, आणि आत वाऱ्याचाही आवाज नव्हता.

"पहिले काम," पक्षी म्हणाला. "जे लिहिलेस ते मोठ्याने वाच."

बकुळेने पानाकडे पाहिले मात्र, डोळ्यांपुढे काळोख आला. घाबरून तिने आठवणीनेच म्हटले, "माझे आबा माझ्याजवळ राहावेत, मला गोष्टी सांगाव्यात!"

गुहेतून दगडी आवाज परत आला, "कुठेही जाऊ नयेत. सिंहासनावर बसून राहावेत."

"मी असे नव्हते म्हटले!" बकुळा रडू लागली.

"मनात नव्हतेस म्हटले बाळ," कुवलया म्हणाली. तिने आपले दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते, न जाणो, पुढे जायचे! "मनातले आणि पानावरचे वेगळे झाले आहे. पहिल्या शब्दाखाली बोट ठेव. तेवढाच शब्द वाच. मग पुढचा."

बकुळेने बोट ठेवले. बोटावरच्या शब्दापुरता काळोख विरला. ते सरकले, तसा काळोखही मागे सरला. एकेक शब्द मोठ्याने वाचीत ती शेवटाला पोचली, आणि आपण काय लिहिले ते तिने जन्मात पहिल्यांदा ऐकले.

गुहेच्या पलीकडे एक तळे होते. त्यावर ना तरंग, ना पान.

"दुसरे काम. ज्याने तुझे आबा कधी पाहिले नाहीत, त्याच्या डोळ्यांनी बघ. पान पाण्यावर धर."

तिने पान धरले. तळ्यात एक पुतळा उमटला. भक्कम, बसलेला, ना हसू, ना कुशीत घेणारे हात.

"हे कोण?"

"तू लिहिलेले आबा," कुवलया हळूच म्हणाली. "परक्याला एवढेच दिसते. यात काय राहून गेले?"

बकुळा पाण्यावर वाकली. मग सांगू लागली: त्यांचे हसणे राहिले, घोड्यावर पुढ्यात बसवणे राहिले, गोष्ट सांगता सांगता स्वतःच झोपी जाणे राहिले. कुवलयेला भरून आले. एवढे सगळे या पोरीच्या पोटात होते, आणि पानावर त्यातले काहीच उतरले नव्हते.

"तिसरे काम," धनेश म्हणाला. सूर्य डोंगराला टेकला होता. "पान बुडव. शाई ओली होईल. जे वाक्य तुला सर्वांत प्रिय आहे, ते खोड."

बकुळेने पान बुडवले आणि बोरू घेतला. पण पहिल्या वाक्यापाशी तिचा हात थांबला. "कुठेही जाऊ नयेत, हे खोडले तर ते जातील."

"जातील," कुवलया म्हणाली. खोटे बोलणे तिला जमले नाही.

"आणि परत नाही आले तर?"

गुरुमायने पाठीमागे बोटे आणखी घट्ट गुंफली. एक रेघ, फक्त एक रेघ ओढायची होती! पण ती जागची हलली नाही. "बाळ, तुला खरोखर काय हवे आहे? तेच लिही."

सूर्य अर्धा बुडाला. बकुळेने डोळे पुसले आणि आपल्या सर्वांत लाडक्या वाक्यावर सरळ रेघ ओढली. मग उरलेल्या दोन्हींवर. खाली लिहिले: माझे आबा हसावेत. जिथे जातील तिथून माझ्याकडे परत यावेत.

धनेश पान घ्यायला वाकला, तोच ती म्हणाली, "थांबा. एकदा बघते."

तिने बोट न ठेवता पाहिले. काळोख आला नाही. शेवटच्या किरणात शाई वाळली, आणि डोंगरात कुठेतरी, शापाची बेडी तुटावी तसा आवाज झाला.

तिकडे महालात धैर्यकेतू सिंहासनावरून उठला, तेव्हा अंगावरची दगडाची भुकटी झटकीत तो मोठ्याने हसला. हिवाळ्यात तो सीमेवर गेलाच. बकुळा वेशीत उभी राहिली, आणि एका संध्याकाळी धुळीने माखलेला घोडा आबांना घेऊन परत आला.

पुढच्या पर्णोत्सवाला मुलांनी लिहून पाने पुढे केली. कुवलयेने हात पाठीमागे धरले.

"मला नको," ती म्हणाली. "आधी तुम्ही बघा."

राजशाळेत खालच्या मानेने बोटे सरकू लागली, आणि इवल्या आवाजांची गुणगुण गच्चीपर्यंत गेली. त्यांच्या मनातले शब्द जसे पानावर उतरले, तसे तुमचे आमचे उतरोत.