सगळ्यात थोर ट्रान्झिस्टर

भव्यसेन महाराजांच्या पंख्याचा वारा गार होता, पण त्याचा वेग सांभाळणारी डबी इतकी तापायची, की तिला वारा घालायला दोन सेवक ठेवावे लागले. बॅटरी तर दुपारच्या आतच मान टाकायची.

खोट होती डबीतल्या ट्रान्झिस्टरमध्ये, म्हणजे वीज क्षणात सोडणाऱ्या-अडवणाऱ्या भागात. त्या राज्यात रिवाजच होता, महाराजांचं ते सगळ्यात मोठं. महाराज आमटीसुद्धा डावानं प्यायचे! मग बारा व्होल्टांच्या पंख्याला हजारो व्होल्ट सोसणारा ट्रान्झिस्टर बसवला, यात नवल ते काय?

सिदू वायरमन एवढंच म्हणाला, "महाराज, याहून लहान चालेल." झालं, बिचाऱ्याची रवानगी कोठडीत.

त्याची मुलगी हौसा दरबारात आली. बापाशिवाय तिला कोणी नव्हतं. तिला रडू आवरेना.

"ट्रान्झिस्टर तोच ठेवून डबी गार कर," महाराज म्हणाले. "उद्यापर्यंत जमलं तर बाप सुटेल."

हौसानं डोळे पुसले. "करते की. पण त्याआधी आपल्या संडासाचं दार बदलू द्या. एवढा थोर राजा आणि दार एवढंसं? किल्ल्याचा हत्तीदरवाजा आणून बसवू."

महाराजांना हे आधी कसं सुचलं नाही, याचंच वाईट वाटलं.

रातोरात दरवाजा बसला. सकाळी झणझणीत मिसळ हाणून महाराज तिकडे धावले. सोळा शिपायांनी खांदे लावले. दरवाजा कुरकुरत बोटभर सरकला. महाराज एका पायावर उभे. कसेबसे आत जाऊन बाहेर आले, शिपायांनी धापा टाकत दार लोटलं, तोच महाराजांना दुसरी कळ आली.

"हे कसलं दार?" महाराज कळवळून ओरडले.

"थोर आहे, महाराज. हत्तीची धडक सोसेल," हौसा शांतपणे म्हणाली. "पण इथं हत्ती येतो कुठं? आपल्या पंख्याच्या डबीत वीज एका सेकंदात हजारो वेळा आत-बाहेर करते, आणि तिथंही आपण हत्तीदरवाजाच लावलाय. सगळी ताकद उघडझापीत जाते आणि तिचीच धग होते. हे शिपाई बघा ना, कसे तापलेत."

"पण ट्रान्झिस्टर तोच ठेव, असं मी म्हणालो होतो."

"राहू दे की. मग हे दारही असंच राहू दे ना?"

महाराजांनी दाराकडे पाहिलं, पोटाकडे पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. त्या घटकेला हसणं धोक्याचं होतं, तरी ते थांबेना.

"दोन्ही बदल! पण आधी हे दार!"

सिदू सुटला, आणि राजवाड्यातली कुठली वस्तू केवढी असावी हे ठरवण्याचं काम महाराजांनी हौसाकडे दिलं, तेही आतूनच ओरडून.